उतारावरची धृती

म्हातारी चाकाला दगड लावायची आणि फौजीला त्याचा राग यायचा.

गोष्ट 2013 च्या एप्रिलातली. त्या उन्हाळ्यात पाथर्डी तालुक्यातल्या कित्येक विहिरींचा तळ उघडा पडला होता, जनावरं छावण्यांत होती. करंजी घाटाच्या वरच्या अंगाला, हमरस्ता सोडून डोंगरात शिरणाऱ्या वाटेवर पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. टँकर तिथवर चढत नसे. वस्तीतल्या एका निवृत्त जवानाकडे लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी निसान वन-टन होती. सगळे त्याला फौजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली ती गाडी, म्हणजे शक्तिमानची धाकटी बहीणच. फौजीनं हौद्यात दीड हजार लिटरची प्लास्टिकची टाकी बसवली होती. खालच्या एका विहिरीवर ती भरून तो दिवसाला तीन खेपा करायचा. पैसे डिझेलपुरते घ्यायचा, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला मागायचा नाही.

वस्तीत सपाट जागा म्हणून नाही. गाडी उतारावरच उभी करावी लागे, तोंड डोंगराकडे, पाठ घरांकडे. फौजी हँडब्रेक ओढून खाली उतरला की पहिल्या घरातली सत्तरीपुढची म्हातारी पदर खोचून यायची, मागच्या चाकाखाली एक बेताचा काळा दगड सरकवायची आणि मग आपली घागर नळीला लावायची. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिचं आयुष्य बैलगाडीबरोबर गेलेलं. गाडी चढाला थांबली की चाकाला दगड, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं. फौजी म्हणायचा, "काकू, ब्रेक हाये गाडीला." ती म्हणायची, "आसू दे की बाबा."

एके सकाळी नळीपाशी आठ-दहा बायका उभ्या असताना गाडी आपसूक मागं आली. वीतभरच. चाक दगडाला टेकलं, दगड निम्मा मातीत रुतला आणि गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत वस्तीत एकच बोलणं होतं: मोहट्याच्या देवीनं गाडी धरली. दुसऱ्या दिवशी फौजी रिकामी गाडी घेऊन भिंगारला माझ्या गॅरेजवर आला.

मी ईएमईतला, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमधला माणूस. व्हेइकल मेकॅनिक म्हणून भरती झालो, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि छावणीच्या कडेला गॅरेज टाकलं. आमच्या कोअरचं ब्रीद 'कर्म ही धर्म'. तीन शब्द आहेत, पण नोकरीची सगळी वर्षं ते रोज डोळ्यांपुढे असले की माणूस त्यांच्याशी आतल्या आत बोलायला लागतो. नगरात लष्करी गाडीचं कुणाला नवल नाही. रणगाडा दलाचं केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई वाहननगरला, आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडात नगरच बसलेलं आहे.

फौजी चहा न घेताच म्हणाला, "हवालदारसाहेब, ब्रेक तर बघाच. पन एक सांगा, त्या दिवशी गाडी धरली कुनी?"

तो सहज विचारत नव्हता. रात्रभर झोपला नसावा. मी म्हणालो, आधी ब्रेक बघू.

या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. पायाचा ब्रेक चारी चाकांना लागतो. हँडब्रेक मात्र ट्रान्सफर केसच्या मागं, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी बसवलेल्या एकाच ड्रमवर लागतो. शाफ्ट धरला की त्याच्यामागचं डिफरन्शियल आणि चाकं धरली गेली, असा त्यातला विचार. विचार चांगला आहे. चाक एक फेरा फिरतं तेव्हा शाफ्ट अनेक फेरे फिरतो, म्हणून शाफ्टवरची थोडी पकड चाकावर कितीतरी पटीनं उतरते. भरलेली गाडी चार टनांची धरा आणि उतार सहाला एक. म्हणजे गाडी साडेसहाशे किलोंच्या जोरानं खाली ओढत असते. एवढा जोर तो एवढासा ड्रम रात्रभर तोलू शकतो. मात्र तो उभं राहण्यासाठी आहे, थांबवण्यासाठी नाही. पळत्या गाडीत ओढला तर लायनर जळतात आणि गिअरना हिसका बसतो तो वेगळाच. हे मी प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगत आलो: बाळा, हा ब्रेक गाडी थांबल्यावरचा आहे.

लिव्हर ओढून पाहिला. दाते मोजले तर जवळजवळ शेवटच्या दात्यापर्यंत येत होता. फौजी म्हणाला, वर्षभरात तीनदा केबल आवळली. इथंच बहुतेकांचं चुकतं, चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांचंही. ब्रेक ढिला वाटला की केबल आवळायची. वास्तविक आधी केबल पूर्ण सोडायची, ड्रमपाशी अ‍ॅडजस्टर फिरवून शू ड्रमला टेकवायचे, मग दोन-तीन दाते मागं घ्यायचे, आणि सगळ्यांत शेवटी केबलचा झोल काढायचा. नुसती केबल आवळत गेलं की शू कधीच पुरते सुटत नाहीत. चालत्या गाडीत ते ड्रमला चाटत राहतात, तापतात आणि काचेसारखे गुळगुळीत होतात. मग ब्रेक धरतही नाही आणि सोडतही नाही. फौजीला विचारलं, घाट चढताना गाडी जड जाते का? म्हणाला, जाते, पण म्हटलं म्हातारी झाली.

केबल सोडली. आतली तार आवरणात अडकत होती. डोंगरातली बारीक माती आणि जुनं ग्रीस यांची दगडासारखी गाठ झाली होती. लिव्हरवर माणसाचा सगळा जोर जायचा आणि ड्रमपर्यंत त्यातला जेमतेम अर्धा पोचायचा. खटक्याचे दाते मात्र शाबूत होते. मी गाडीखाली शिरलो, शाफ्टचे बोल्ट काढले, ड्रम उतरवला.

आणि वास आला. जळक्या गिअर ऑइलचा. ज्याला हा वास ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही, ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही. थोडा गंधकाचा, थोडा उग्र, जिभेवर बसणारा. लायनर तेलानं चिंब होते, काळे, ओलसर, हात लावला तर घसरणारे. मी तसाच पाठीवर पडून राहिलो. फौजी वाकून विचारत होता, "काय झालं साहेब?" मला बोलता येईना.

ते का, हे सांगायला मला नेवाशाला जावं लागेल.

निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा मी नेवाशाला जातो. प्रवरेच्या काठी तिथं तो पैसाचा खांब आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वर महाराजांनी त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. आमच्या जिल्ह्यात मराठीतला एवढा मोठा ग्रंथ झाला याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पारायणात अठरावा अध्याय आला की मी एका जागी हटकून थांबतो. भगवंत अर्जुनाला धृतीचे तीन प्रकार सांगतात ती जागा. 33, 34 आणि 35, असे गीतेतले तीनच श्लोक.

धृती म्हणजे धरून ठेवण्याचं बळ. 'धृ' या धातूपासूनच धर्म शब्द आला, धरणं आलं, धरण आलं. म्हणजे ज्याला आपण धर्म म्हणतो त्याच्या पोटात आधी हे साधं काम आहे, धरून राहणं. पहिली धृती सात्त्विक: मन, प्राण आणि इंद्रियं यांच्या हालचाली योगानं, न ढळता धरते ती. दुसरी राजस: फळावर डोळा ठेवून धर्म, अर्थ, काम यांना चिकटून राहते ती. तिसरी तामस. ती वाचताना पहिल्यांदा मला वाटलं, तामस म्हणजे न धरणारी असेल, ढिली, सुटलेली. तसं नाही. झोप, भीती, शोक, खिन्नता आणि मद यांना दुर्बुद्धी माणूस सोडत नाही, त्या धरण्याला तामस धृती म्हटलं आहे. तीही धृतीच. पकड तीच, जोरही कदाचित जास्तच. फक्त सोडायचं ते सोडत नाही.

मी मेकॅनिक असल्यामुळे असेल, पण हे मला ताबडतोब पटलं. हँडब्रेकला दोन आजार असतात. एक न धरण्याचा, दुसरा न सोडण्याचा. लोक पहिल्याला भितात कारण त्यात गाडी घरंगळताना दिसते. दुसरा दिसत नाही. गाडी चालते, कामही होतं, फक्त ड्रम तापत राहतो. आणि फौजीच्या गाडीत मी पाहिलं की हे दोन्ही आजार एकाच ड्रममध्ये एकाच वेळी नांदू शकतात.

आता 1987.

मी तेव्हा नाईक होतो, सिक्कीममध्ये. युनिटचं नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. एका वन-टनचा हँडब्रेक कमजोर असल्याची तक्रार संध्याकाळी आली. गाडी पहाटे निघायची होती. मी खाली शिरलो तेव्हा ड्रमपाशी हाच वास आला. ड्रम उघडायचा तर शाफ्ट उतरवा, सील मागवा, लायनर बदला. गाडी दोन दिवस उभी राहणार. मी केबल आवळली, लिव्हर ओढून पाहिला, सपाट जागी गाडी हलली नाही, आणि रजिस्टरवर ठीक म्हणून सही केली. दोन दिवसांनी उतारावर उभी असताना ती गाडी मागं आली. ड्रायव्हर गढवालचा बावीस वर्षांचा पोरगा. मागच्या फळीची साखळी लावत होता. त्याचा डावा पाय चाक आणि दगडी कठड्यामध्ये सापडला. पाय गेला. चौकशीत निघालं की त्यानं चाकाला दगड लावला नव्हता. ते खरंच होतं. माझ्या सहीबद्दल मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, तपासणीच्या वेळी ब्रेक धरत होता. तेही खरंच होतं. वासाबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सव्वीस वर्षं मी ते धरून होतो. एवढं धरून ठेवणं म्हणजे माझ्यात काहीतरी चांगलं शिल्लक असल्याची खूण, असं मी समजत आलो. विसरला असतास तर तू माणूस नव्हेस, असं स्वतःला बजावायचो. दर पारायणात तामस धृतीचा श्लोक आला की शोक आणि खिन्नता या दोन शब्दांवर अडायचो आणि भगवंताशी भांडायचो. ज्यानं दुसऱ्याचा पाय घालवला त्यानं शोक सोडावा, असं तू म्हणतोस का? मग न्याय कुठं राहिला? सोडणं म्हणजे सुटणं नव्हे काय?

आमच्या जिल्ह्यातले लष्करी ट्रकचे सगळ्यांत नामवंत ड्रायव्हर म्हणजे राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे. 1965 च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, सोबतचे जवान गेले, ते वाचले. मी का वाचलो, हा प्रश्न त्यांनी बरोबर बाळगला. दिल्लीच्या स्टेशनावर विवेकानंदांचं एक पुस्तक हाती आलं, आणि 1975 साली ते गावी परतले ते त्या प्रश्नाचं काम करायलाच. मला त्यांच्या त्या प्रश्नाचा हेवा वाटत आलाय. मी का वाचलो हा प्रश्न माणसाला पुढं ढकलतो. माझ्या हातानं काय झालं, हा प्रश्न जागच्या जागी उभा करतो.

फौजीच्या गाडीखाली पडल्या पडल्या हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग उठलो आणि कामाला लागलो, कारण वासाला उत्तर एकच असतं: तेल येतंय कुठून ते शोधणं.

तेलात भिजलेले लायनर पेट्रोलनं धुऊन, जाळून परत बसवणारे लोक आहेत. धुतल्यावर ते कोरडे दिसतात, दोन दिवस धरतातही. पण तेल आत मुरलेलं असतं. ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. म्हणून लायनर नवे. तेल येत होतं ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून, तर सील नवं. इथं काम संपलं असं शंभरातले नव्वद मिस्त्री म्हणतील. पण जुनं सील हातात घेतलं तर त्याचा ओठ फारसा झिजलेला नव्हता. मग तेल का ढकललं गेलं?

ट्रान्सफर केसच्या डोक्यावर एक ब्रीदर असतो. करंगळीच्या पेराएवढा, अळंबीच्या टोपीसारखा. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि ती फुगलेली हवा या टोपीखालून बाहेर पडते. गार झालं की परत आत येते. गिअरच्या पेटीचा श्वास म्हणा. मी बोटानं चाचपलं, टोपी हलेना. दिवा लावून पाहिलं तर वर हिरव्या रंगाचा जाड थर, त्यावर माती. फौजीला विचारलं. तो म्हणाला, दरवर्षी दसऱ्याला गाडी रंगवतो. सगळीकडून, खालूनसुद्धा, एकही जागा सोडत नाही. खांडेनवमीला तिची पूजा असते ना.

त्याच्या भक्तीत काही खोट नव्हती. ज्या गाडीनं वस्ती जगवली तिला तो नवी साडी नेसवावी तसा रंग देत होता. पण ब्रश ब्रीदरवरूनही फिरत होता, वर्षांमागून वर्षं. श्वास कोंडला. कोंडलेली हवा जिथून वाट मिळेल तिथून तेल ढकलू लागली. तेल लायनरमध्ये गेलं, लायनर निसटू लागले, निसटतात म्हणून केबल आवळली, आवळली म्हणून शू चाटू लागले, चाटले म्हणून उष्णता वाढली, आणि वाढलेल्या उष्णतेनं आतली हवा आणखी फुगली. वर्षभर फौजी लिव्हरवर जोर वाढवत होता आणि दोष होता डोक्यावरच्या एका बंद भोकात.

सुईनं रंग खरवडला, टोपी सोडवली, डिझेलमध्ये धुतली, फुंकर घातली. फुंकर पलीकडे गेली तेव्हा मला आठवलं, सात्त्विक धृतीच्या श्लोकात मन आणि इंद्रियांच्या मध्ये प्राण आहे. गीतेनं प्राण धरायला सांगितला आहे, कोंडायला नव्हे. हा फरक मी कुणा शास्त्रीबुवांना विचारून सांगत नाही, चूक असेल तर माझी. पण मुळा धरण आमच्याच जिल्ह्यात आहे. 26 टीएमसी पाणी अडवणाऱ्या त्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर नाव आहे, आणि त्यालाही सांडवा ठेवावा लागला. जे धरायचं ते धरता यावं म्हणून काहीतरी बाहेर जाऊ द्यावं लागतं. माझ्यातून सव्वीस वर्षांत काहीच बाहेर गेलं नव्हतं. बायकोलासुद्धा मी अपघात सांगितला होता, वास सांगितला नव्हता.

म्हणजे भगवंताशी माझं भांडण चुकीच्या जागी होतं. शोक सोड म्हणजे झालेलं विसर, असं तो म्हणतच नव्हता. मी जे धरून होतो ती त्या पोराची आठवण नव्हतीच. ती होती भीती, कुणीतरी कधीतरी ड्रम उघडेल याची. श्लोकातल्या यादीत शोकाच्या आधी भय आहे, हे इतकी पारायणं करूनही मला दिसलं नव्हतं. आठवण ठेवायला जोर लागत नाही. झाकून ठेवायला लागतो, आणि तो जोर मी पश्चात्तापाच्या खात्यावर लिहीत होतो.

नवे लायनर, नवं सील, धुतलेला ब्रीदर, नवी केबल. अ‍ॅडजस्टर फिरवून शू टेकवले, तीन दाते मागं घेतले. लिव्हर आता पाचव्या दात्यावर घट्ट बसू लागला. फौजीला सांगितलं, टाकी दीड हजाराची असू दे, पाणी हजारच भर. या गाडीचं नाव वन-टन आहे. तर म्हणाला, मग खेपा चार-पाच होतील. होऊ दे, म्हटलं. पण अर्धवट टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि उभ्या गाडीला मागं-पुढं धक्के देत राहतं, म्हणून टाकीच हजाराची घे. त्यानं आठवड्यात बदलली.

मग तो म्हणाला, "आता तर दगड नको ना?"

त्याचं दुखणं मला कळत होतं. ज्याला वस्ती मानते, त्याच्या ब्रेकवर एक म्हातारी रोज चारचौघांत भरवसा नाही असं दाखवते, असं त्याला वाटायचं. मी त्याला गाडीखाली घेतलं. शाफ्टला हात लावायला सांगितला. ब्रेक ओढलेला, शाफ्ट जागचा हलेना. मग सपाट जमिनीवर, पुढची दोन्ही चाकं दगडांनी पक्की अडवून, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि घोड्या लावल्या. म्हटलं, आता यातलं एक चाक फिरव. त्यानं हात लावला आणि चाक सहज फिरलं, पलीकडचं उलट्या अंगाला. डिफरन्शियलची करणी ती. शाफ्ट धरलेला असला तरी एक चाक एका बाजूला आणि दुसरं उलट बाजूला फिरू शकतं. म्हणजे ब्रेक अगदी नवा, लायनर कोरडे, केबल ताठ, सगळं ठीक, आणि तरी मागच्या एका चाकाखालची जमीन सुटली की गाडी सुटली. लष्करात आम्ही पुढचा अ‍ॅक्सलही जोडून ठेवायचो, म्हणजे पुढची चाकंही शाफ्टनं धरली जातात. फौजीनं डिझेल वाचावं म्हणून पुढचा शाफ्ट काढून ठेवला होता.

फौजी बराच वेळ ते चाक फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हंजी काकूचं बराबर हुतं."

काकूचं बरोबर होतं, आणि ब्रेकवर अविश्वास म्हणून नव्हे. शिर्डीचे साईबाबा श्रद्धा आणि सबुरी हे दोन शब्द जोडीनं द्यायचे. आपण श्रद्धेवर बोलतो, सबुरीला नुसती वाट पाहणं समजतो. मला वाटतं सबुरी म्हणजे हा दगडही असेल. ब्रेक आहे हे ठाऊक असून वाकणं, रोज, न कंटाळता, कुणी रागावलं तरी. त्या दिवशी गाडी कुणी धरली या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी फौजीला एकदम सांगितलं नाही. वस्ती देवीनं म्हणते, ते मी खोटं मानत नाही. मी एवढंच म्हणेन की देवीला धरायचं असेल तेव्हा ती आपल्यातल्या कुणालातरी वाकायला लावत असावी, आणि त्या वस्तीत वाकणारी एकच होती.

मे महिन्यात मी स्वतः वर गेलो. टाकी भरलेली, गाडी त्याच उतारावर, सगळ्यांना लांब उभं केलं. फौजीनं पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला आणि पाय हळूच सोडला. गाडी चार बोटं मागं आली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी हात वर केला, थांबा. ते सरकणं ब्रेकचं नव्हतं. शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियलचे दाते, सगळ्या सांध्यांत थोडी थोडी मोकळीक असते. ती संपेपर्यंत गाडी हलते आणि मग बसते. बसली. टाकीतलं पाणी दोनदा हिंदकळलं आणि थांबलं. दहा मिनिटं घड्याळ लावून पाहिलं, खडूची खूण हलली नाही. म्हातारी मात्र खडूची खूण बघायला थांबली नव्हती. तिनं दगड आणला होताच. या वेळी फौजीनं तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः चाकाखाली सरकवला.

परत येताना घाट उतरत असताना ठरवलं. त्या गढवाली पोराचा पत्ता माझ्याकडे होता. फार वर्षांपूर्वी त्यानं एका ओळखीच्या हाती निरोप पाठवला होता, बरा आहे, गावात दुकान आहे, उस्ताद कसे आहेत. मी उत्तर दिलं नव्हतं. त्या रात्री भिंगारला, गॅरेजच्या टेबलावर, हिंदीत पत्र लिहिलं. ख्यालीखुशाली विचारायला चार ओळी गेल्या. मग लिहिलं की त्या संध्याकाळी ड्रमपाशी गिअर ऑइलचा वास आला होता, मला तो ओळखता येत होता, आणि मी ड्रम उघडला नाही, फक्त केबल आवळली. दगड न लावण्याचा ठपका तुझ्यावर आला तेव्हाही हे मला ठाऊक होतं. खाली पूर्ण नाव, नंबर आणि हुद्दा लिहिला, रजिस्टरवर केली होती तशी सही केली, आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी पोस्टात टाकून आलो.